श्वासाचा रकाना

तापाचा रकाना, नाडीचा, रक्तदाबाचा,
आणि शेवटी, अरुंदसा, श्वासाचा.
त्यात आम्ही सगळ्याजणी वीस लिहायचो.
म्हाताऱ्याला वीस, पोराला वीस,
दम्याने खाटेवर उकिडवं बसलेल्यालाही
वीस.
अठरा वर्षं लिहिलं मी.
बेचाळीस खाटा, दोन सिस्टर,
आणि जमिनीवरच्या गाद्या धरायच्या नाहीत
असा कुठेच न लिहिलेला नियम.

एकेचाळिसाव्या वर्षी पदवीला नाव घातलं.
परळच्याच कॉलेजात, पहिल्या बाकावर,
हुशार म्हणून नव्हे,
चष्म्याचा नंबर वाढला होता म्हणून.
नवरा म्हणाला, डिग्री घेतलीस म्हणून
तुझी सुई कमी दुखणार आहे का?
लेक बारावीत. एका टेबलाच्या दोन कडा आमच्या.
तिच्या पुस्तकातली फुप्फुसं आणि माझ्या पुस्तकातली
तिनेच एकदा शेजारी ठेवून पाहिली.
तुझी जास्त आजारी आहेत, म्हणाली.

साराम्मा मॅडम मूळच्या कोट्टयमच्या,
तीस वर्षं मुंबईत, तरी क्रियापदाशी भांडण चालूच.
माझा चार्ट हवेत धरून म्हणाल्या,
"हे वीस, तू मोजला काय? की फक्त लिहिला?"
वर्ग हसला. मीही हसले.
कानाच्या पाळ्या मात्र संध्याकाळपर्यंत गरम.

बेड नंबर चौदा. काशिनाथ वैती.
भाऊच्या धक्क्यावर बर्फ फोडायचे,
आकडा तळहातात घुसलेला, चार दिवस हळद लावून मग आलेले.
रात्री पावणेतीनला ताप नाही, रक्तदाब ठीक,
बोलणं चालू, बांगड्याचा भाव सांगत होते मला.
मी मनगट धरलं. नाडी झाली तरी सोडलं नाही.
श्वास मोजतंय कोणी, हे कळलं
की माणूस शहाण्यासारखा श्वास घेऊ लागतो.
तेव्हा हात मनगटावर, डोळे छातीवर,
आणि गणवेशाला टाचलेलं घड्याळ.
पुरतं एक मिनिट.
अठरा वर्षांत कुणाला दिलं नव्हतं
इतकं सलग.

बत्तीस.

पूर्वी फोनवर म्हणायचे,
डॉक्टर, पेशंट बरा वाटत नाहीये.
ते म्हणायचे, सकाळी बघू.
त्या रात्री म्हटलं,
श्वास बत्तीस, नाडी एकशे अठरा,
चार तासांत लघवी साठ मिली, हात कोपरापर्यंत लाल.
संसर्ग रक्तात गेलाय असं मला वाटतं.
तुम्ही आत्ता या.
"आत्ता" हा शब्द माझ्याच तोंडून आला का,
हे मी मागे वळून पाहिलं.
जिन्यात चपला वाजल्या.

वैती नवव्या दिवशी आयसीयूतून परत आले.
चहा बिनसाखरेचा का, म्हणून माझ्यावरच चिडले.

बावीस नंबरच्या बाईंचेही मोजले होते.
एकोणचाळीस. डॉक्टर धावत आले होते.
त्या गेल्या.
हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

पदवीच्या वाढीची फाइल तिसऱ्या मजल्यावरून खाली यायला
चौदा महिने लागले,
लिफ्ट चालू असून.
माझ्या बाकावरची प्रणोती डब्लिनला गेली,
तिथे एका सिस्टरला पाचच पेशंट, असं कळवते,
आणि पुढे काही लिहीत नाही.
मी इथेच. आठवड्यातून दोन दिवस
मुलींना वॉर्डात शिकवते,
उरलेले दिवस त्याच बेचाळीस खाटा.

परवा सकाळी चार्ट पाहत होते.
सतरा, चोवीस, एकोणीस, अठ्ठावीसला लाल गोल,
आणि सात नंबरला: वीस.
पहिल्या वर्षाची मुलगी, शहापूरची, मान खाली.
माझ्या तोंडून साराम्मा मॅडमचं मराठी आलं,
"तू मोजला काय?"
"हो मॅडम. दोनदा.
खरंच वीस आहेत."

मी सात नंबरपाशी गेले,
मनगट हातात घेतलं,
घड्याळ उलटं केलं.